प्रबंधाच्या पहिल्या पानावर शहराचं नाव कोणतं? लाटेकची स्वतःची 'पॅकेज रिपॉझिटरी' म्हणजे काय आणि ती का लागते?

२४ फेब्रुवारी २०२३ ला औरंगाबाद शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर करायला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचं नाव बदललं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे स्टेशनचं. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली, शिक्के बदलले.

पण एका ठिकाणी नाव आपोआप बदलत नाही. ते ठिकाण म्हणजे विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपमधल्या फायली.

पीएचडीचा प्रबंध लिहायला घेतला की बहुतेक जण आधी एखाद्या सीनियरकडून 'टेम्प्लेट' मागून घेतात. ते पेन ड्राइव्हवरून येतं, ईमेलने येतं, व्हॉट्सॲपवर झिप फाईल म्हणून येतं. त्यात समास किती, प्रकरणाचं शीर्षक कसं, पहिल्या पानावर काय लिहायचं हे सगळं ठरलेलं असतं. शहराचं नावही. २०१९ ची फाईल २०२५ मध्ये वापरली तर जुनं नाव तसंच छापून येतं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही तर तेच सादर होतं.

हा प्रश्न फक्त एका ओळीचा नाही. शंभर लॅपटॉपवर एकाच गोष्टीच्या शंभर प्रती असतील, तर खरी प्रत कोणती? संगणकाच्या जगात यावर एक जुना उपाय आहे: स्वतःची पॅकेज रिपॉझिटरी. तो उपाय काय आहे आणि त्याची किंमत काय, ते समजून घेऊया.

आधी लाटेक म्हणजे काय?

वर्डमध्ये आपण लिहितो तेव्हाच पान कसं दिसेल ते ठरवत जातो. लाटेकमध्ये ही दोन कामं वेगळी असतात. तुम्ही साध्या मजकुरात लिहिता: हे शीर्षक, हे समीकरण, हा संदर्भ. अक्षरजुळणीचं काम सॉफ्टवेअर करतं आणि शेवटी पीडीएफ देतं. छापखान्यात लेखक आणि कंपोझिटर वेगळे असायचे, तसंच.

याचा पाया म्हणजे 'टेक' हा प्रोग्रॅम. स्टॅनफर्ड विद्यापीठातले डोनाल्ड क्नूथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो लिहायला घेतला, कारण त्यांच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतली गणिताची छपाई त्यांना पसंत पडली नव्हती. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक उभं केलं. आज गणित, भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्रातलं बरंच संशोधन यातूनच छापलं जातं. सॉफ्टवेअर मोफत आणि खुलं आहे.

मूळ लाटेक छोटं आहे. त्याची खरी ताकद पॅकेजमध्ये आहे. रंगीत तक्ते हवेत, एक पॅकेज. रासायनिक सूत्रं हवीत, दुसरं. मराठी हवी, तिसरं. जगभरातले लोक ही पॅकेजेस लिहितात आणि 'सीटॅन' नावाच्या सामायिक भांडारात ठेवतात. तिथे आज सहा हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत.

हे सगळं एकत्र बांधून देणाऱ्या संचाला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. 'टेक लाईव्ह' आणि 'मिकटेक' ही त्यातली दोन मोठी नावं. आणि ज्या ठिकाणाहून हे संच पॅकेजेस उतरवून घेतात, ती रिपॉझिटरी.

मग अडचण कुठे येते?

पहिली अडचण इंटरनेटची. टेक लाईव्ह पूर्ण बसवायचं तर सात ते आठ जीबी जागा लागते. डाउनलोड पाच जीबी धरलं आणि कॉलेजच्या लॅबमध्ये ६० संगणक असले, तर तीच फाईल ६० वेळा उतरवायची म्हणजे ३०० जीबी. मिकटेक हे टाळण्यासाठी लागेल तेव्हा लागेल ते पॅकेज नेटवरून आणतं. पण नेट नसेल तर काम तिथेच थांबतं. मराठवाड्यात हे कल्पनेतलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत काही तास इंटरनेट सेवा बंद ठेवली होती.

दुसरी अडचण आवृत्तीची. टेक लाईव्ह दरवर्षी वसंत ऋतूत नव्या नावाने येतं. नवं आलं की जुन्या वर्षाचं अपडेट थांबतं. २०२३ चा संच घेऊन २०२४ मध्ये कुणी नवं पॅकेज मागायला गेलं, तर तुमचा संच जुना आहे, असं सांगून तो प्रोग्रॅम नकार देतो. प्रबंधाचं काम मात्र चार-पाच वर्षं चालतं. सुरुवात एका आवृत्तीवर आणि शेवट दुसऱ्या, असं झालं की पानांची मांडणी हलू शकते.

तिसरी अडचण खास आपली, म्हणजे मराठीची. 'ल' आणि 'श' या अक्षरांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात ती प्रमाण म्हणून सांगितली आहेत. अनेक युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. भाषा मराठी आहे, असं सॉफ्टवेअरला सांगितलं तर मराठी वळण येतं, नाही तर हिंदी. म्हणजे एकच फाईल एका संगणकावर मराठी 'ल' छापते आणि दुसऱ्यावर हिंदी. लिहिणाऱ्याची चूक काहीच नसते.

स्वतःची रिपॉझिटरी म्हणजे नेमकं काय?

याचे तीन प्रकार आहेत, आणि बऱ्याचदा ते एकमेकांत मिसळले जातात.

एक, आरसा. मूळ रिपॉझिटरीची जशीच्या तशी प्रत आपल्या कॅम्पसमधल्या सर्व्हरवर ठेवायची आणि रोज ताजी करायची. बाहेरून डाउनलोड एकदाच. आत ६० काय, ६०० संगणक तिथूनच घेतील, बाहेरचं नेट बंद असलं तरी.

दोन, गोठवलेली प्रत. एका तारखेची प्रत घ्यायची आणि तिला हात लावायचा नाही. या वर्षी सुरू झालेले प्रबंध याच संचावर पूर्ण होतील, असं त्यामुळे सांगता येतं.

तीन, पूरक रिपॉझिटरी. बाकी सगळं जगाच्या भांडारातून घ्यायचं, फक्त आपली दोन-चार पॅकेजेस वेगळी द्यायची. उदाहरणार्थ, प्रबंधाचं टेम्प्लेट, पदव्युत्तर प्रकल्पाचा नमुना, मराठी फॉन्टची ठरलेली मांडणी. याचं जगातलं ओळखीचं उदाहरण म्हणजे 'टीएल-कॉन्ट्रिब'. टेक लाईव्हच्या नियमांत न बसणारी पॅकेजेस देण्यासाठी टाको हुकवाटर यांनी ती सुरू केली आणि पुढे नॉर्बर्ट प्राइनिंग यांनी चालवली.

छत्रपती संभाजीनगरच्या प्रश्नाचं उत्तर या तिसऱ्या प्रकारात आहे. समजा, प्रबंधाचं टेम्प्लेट व्हॉट्सॲपवर फिरण्याऐवजी अशा रिपॉझिटरीत आहे. शहराचं नाव एका फाईलमध्ये एकदा बदललं, आवृत्तीचा आकडा वाढवला, की ज्याने अपडेटची आज्ञा दिली त्याच्याकडे नवं नाव पोहोचलं. सीनियरला फोन करायची गरज उरत नाही.

ती उभी कशी करतात?

ऐकायला मोठं वाटतं, पण रिपॉझिटरी म्हणजे शेवटी वेब सर्व्हरवरचा एक फोल्डर आहे. टेक लाईव्हच्या रिपॉझिटरीत दोन मुख्य गोष्टी असतात. प्रत्येक पॅकेजची आवळून बांधलेली एक फाईल, आणि सगळ्या पॅकेजची एक यादी. यादी साध्या मजकुरात असते: पॅकेजचं नाव, आवृत्तीचा क्रमांक, त्यात कोणत्या फायली आहेत आणि त्या फाईलचा 'चेकसम'. चेकसम म्हणजे फाईलच्या बोटांचा ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो.

विद्यार्थ्याच्या बाजूने दोन आज्ञा लागतात. टेक लाईव्हमध्ये पॅकेजेसची व्यवस्था पाहणारा 'टीएलएमजीआर' नावाचा प्रोग्रॅम असतो. त्याला आधी सांगायचं की, मुख्य रिपॉझिटरीसोबत ही आणखी एक आहे. मग सांगायचं की, अमुक नावाचं पॅकेज नेहमी याच ठिकाणाहून घे. या दुसऱ्या कामाला 'पिनिंग' म्हणतात. ते केलं नाही तर प्रोग्रॅम मुख्य रिपॉझिटरीचाच शब्द मानतो, आणि सगळं नीट बसवूनही आपलं पॅकेज का येत नाही, असा प्रश्न पडतो.

मिकटेकमध्येही स्थानिक रिपॉझिटरी करता येते, पण तिची रचना वेगळी आहे. लॅबमध्ये टेक लाईव्ह आणि विद्यार्थ्यांकडे मिकटेक असेल तर दोन रिपॉझिटरी सांभाळाव्या लागतात. म्हणून आधी एक संच ठरवणं शहाणपणाचं.

धोका कुठे आहे?

पॅकेज म्हणजे नुसता मजकूर नाही, तो संगणकावर चालणारा प्रोग्रॅम असतो. त्यामुळे रिपॉझिटरी जोडणं म्हणजे कुणाला तरी घराची किल्ली देणं.

२०२१ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने हे दाखवून दिलं. मोठ्या कंपन्या आतल्या वापरासाठी जी पॅकेजेस ठेवतात, त्यांची नावं त्याने शोधली. त्याच नावाची पॅकेजेस, पण आवृत्तीचा आकडा मोठा ठेवून, त्याने सार्वजनिक भांडारात टाकली. कंपन्यांच्या संगणकांनी मोठा आकडा पाहून बाहेरचंच पॅकेज उचललं. ॲपल आणि मायक्रोसॉफ्टसह ३५ हून जास्त कंपन्यांमध्ये त्याचा कोड चालला. तो चोर नव्हता, त्याने कंपन्यांना कळवलं आणि बक्षीसही घेतलं. ती भांडारं लाटेकची नव्हती, आणि सीटॅनवर येणारं पॅकेज स्वयंसेवक स्वतः पाहतात, त्यामुळे तिथे ही युक्ती सहज चालत नाही. तरी धडा तोच आहे: कोणतं पॅकेज कुठून घ्यायचं हे स्पष्ट सांगा. पिनिंग तेच करतं.

दुसरं संरक्षण म्हणजे डिजिटल सही. २०१६ पासून टेक लाईव्हची यादी सही केलेली असते आणि टीएलएमजीआर ती तपासू शकतो. स्वतःची रिपॉझिटरी काढली तर सहीसुद्धा स्वतःची लागते, आणि त्या सहीची गुप्त किल्ली कुणाकडे राहील हे ठरवावं लागतं. ती एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवर असेल आणि तो नोकरी सोडून गेला, तर रिपॉझिटरी अनाथ होते.

मग प्रत्येक कॉलेजने हे करावं का?

नाही. एकच टेम्प्लेट आणि दहा-बारा विद्यार्थी असतील तर रिपॉझिटरीची गरज नाही. टेक लाईव्हमध्ये स्थानिक फायलींसाठी वेगळा फोल्डर असतो, त्यात फाईल ठेवली तरी काम होतं. विभागाच्या वेबसाईटवर तारखेसह एकच अधिकृत झिप फाईल ठेवणं हेही व्हॉट्सॲपपेक्षा पुष्कळ बरं. ज्यांचं काम ब्राउझरमध्ये, ओव्हरलीफवर चालतं, त्यांना स्थानिक रिपॉझिटरीचा थेट उपयोग नाही. मात्र तिथल्या मोफत खात्यावर वेळेची मर्यादा आहे, आणि जाडजूड प्रबंध त्यात अडकू शकतो.

गणित बदलतं ते विद्यापीठाच्या पातळीवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव असे चार जिल्हे येतात. यातल्या धाराशिवचं नावही २०२३ मध्येच बदललं. इतक्या पसाऱ्यात शंभर प्रती फिरण्यापेक्षा एक प्रत असणं केव्हाही स्वस्त.

शिवाय प्रबंध आता कपाटात बंद राहत नाही. 'शोधगंगा' या राष्ट्रीय संग्रहात तो कुणालाही वाचता येतो. पहिल्या पानावरची चूक तिथे कायमची राहते.

शेवटचा प्रश्न तांत्रिक नाही

या विद्यापीठाला नावाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. २३ ऑगस्ट १९५८ ला स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, आणि त्यामागे दीड दशकाहून मोठा संघर्ष होता. त्याच्या प्रबंधांच्या पहिल्या पानावरची ओळ आधी तिथे बदलली, आता शहराच्या नावाने पुन्हा बदलते आहे.

पण २०२१ मध्ये नोंदणी केलेल्या आणि २०२५ मध्ये प्रबंध देणाऱ्या विद्यार्थ्याने कोणतं नाव लिहायचं, हे रिपॉझिटरी ठरवू शकत नाही. ते परिपत्रकाने ठरतं. रिपॉझिटरी फक्त तो निर्णय प्रत्येकाच्या संगणकापर्यंत एकसारखा पोहोचवते.

सर्व्हर, फोल्डर आणि यादी एका दिवसात उभी राहते. अवघड आहे ते पुढची पाच वर्षं कुणीतरी दर वसंतात नवा संच तपासणं, सहीची किल्ली सांभाळणं आणि परिपत्रक आलं की ती एक ओळ बदलणं. हे काम कुणाच्या तरी नावावर, त्याच्या कामाच्या तासांत लिहिलेलं नसेल, तर सगळे पुन्हा सीनियरकडे झिप फाईल मागायला जातील.