झड गेली, पूर राहिला



वर्षावासातील ग्रंथवाचनाच्या निमित्ताने आम्ही रिसोड तालुक्यातील पैनगंगेकाठच्या एका वस्तीत गेलो होतो. वाचन आटोपले, चहा झाला आणि बोलणे पाण्यावर आले. गाव वर, आपली वस्ती खाली नदीच्या उताराला. असे का, ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको. सत्तरी ओलांडलेली एक माय म्हणाली, "पैले झड लागे, बापा. चार-चार, पाच-पाच दिस. नदी सांगून ये. आम्ही पोरं-बकऱ्या घेऊन वरते जात होतो. आता रातीच येते अन् सकाळी पाहाल तं चालली गेली. घरात निरा गाळ."

आम्हाला आधी वाटले, म्हातारपणी जुने दिवस बरे वाटतात तसेच हे असेल. पण माय चुकीचे बोलत नव्हती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी 1950 ते 2015 या काळातील पावसाच्या नोंदी तपासल्या. एकाच दिवसात 150 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस मोठ्या टापूवर कोसळण्याचे प्रसंग मध्य भारतात तिपटीने वाढले, असे त्यांना आढळले. हा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. याच काळात मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र वाढलेली नाही, उलट कमी झाली. म्हणजे पाऊस थोडा आणि तोही एकदम. अरबी समुद्र तापला आहे, तिकडून बाष्पाचे लोटच्या लोट येतात आणि दोन-तीन दिवसांत रिते होतात. मायच्या झडीचे असे झाले.

शाळेत आपण शिकलो की गंगा-सिंधूला हिमालयाचे बर्फ मिळते म्हणून त्या बारमाही. बर्फाचे पाणी उन्हाच्या मानाने हळूहळू उतरते. युरोपातही 1960 ते 2010 या काळातील नोंदींवरून दिसले, की पूर्वेकडे बर्फ कमी पडू लागल्याने वितळण्याचे पूर उतरले आणि वायव्येकडे पावसाचे पूर चढले. आपल्या पैनगंगेला बर्फ ठाऊकच नाही. तिचे सगळे आभाळाच्या हाती.

त्यात वाशीम जिल्हा पडला पाणलोटाच्या माथ्यावर. काटेपूर्णा इथल्याच डोंगरात उगम पावून उत्तरेला पूर्णेकडे जाते, तिचे पाणी तापीतून अरबी समुद्राला मिळते. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यातून मेहकरवरून रिसोड तालुक्यात येते आणि पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी करीत बंगालच्या उपसागराला. उगम जवळ असला की नदीला वेळ नसतो. वर मेहकरकडे रात्री पाऊस कोसळला तर आपल्याकडे थेंबही न पडता नदी दारात उभी. काळी जमीन भिजून फुगली की पाणी मुरत नाही, वरवर वाहून जाते आणि जाताना मातीही नेते.

याच पाण्याचा पुढचा प्रवास पाहा. तेलंगणातील भद्राचलमला गोदावरी 1986 च्या ऑगस्टमध्ये 75.6 फुटांवर गेली होती, 2022 च्या जुलैत 71.3 फुटांवर. तिथे 43 फुटांना पहिला इशारा, 48 ला दुसरा, 53 ला तिसरा. लोकांना हालायला अवधी मिळतो. आपल्या शेजारी यवतमाळ जिल्ह्यात 22 जुलै 2023 ला महागाव तालुक्यातील आनंदनगरच्या लोकांना काढायला हेलिकॉप्टर बोलवावे लागले. आमच्या मायच्या वस्तीत फूट मोजायला खांबसुद्धा नाही.

आणि आता खरी गोम. सरकारी निकषांत कपडेलत्ते आणि भांड्यांच्या मदतीसाठी अट अशी, की घर वाहून गेलेले किंवा पूर्ण पडलेले असावे, नाहीतर दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्यात बुडालेले असावे. राज्य शासनाने काही वेळा ही अट सैल केली आहे, हेही सांगितले पाहिजे. पण मूळ अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोठ्या नदीचा सावकाश पूर असावा. आमचा पूर चार तासांचा! चार तासांत पिठाचा डबा, पोरीची पुस्तके, रेशनकार्ड, जातीचा दाखला, सगळे भिजते. मग पंचनाम्याला आलेले साहेब विचारतात, "पाणी किती दिवस होते?" शेताचा पंचनामा सातबारावर होतो. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्या बुडालेल्या निंदणीच्या मजुरीला रकानाच नाही. सोयाबीन मालकाचे गेले, हे खरे. हंगाम मजुराचाही गेला.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते तेव्हा पाटबंधाऱ्यांचा विषय त्यांच्याकडे होता, हे आपल्यातल्याही पुष्कळांना माहीत नसते. दामोदर खोऱ्याच्या योजनेत ते होते. नोव्हेंबर 1945 मध्ये कटकला ओरिसाच्या नद्यांबाबत परिषद झाली, तिथे त्यांनी पुराच्या पाण्याकडे लवकर काढून लावण्याची पीडा म्हणून न पाहता अडवून वापरण्याची संपत्ती म्हणून पाहावे, असे मांडले. त्यासाठी त्यांना प्रथम हव्या होत्या त्या नोंदी आणि मोजमाप.

निघताना आम्ही मायला हे सांगितले. ती म्हणाली, "आमची कोण नोंद घेते?" तिचा नातू आयटीआयला शिकतो. तो उठला आणि विहाराच्या भिंतीवर गेल्या पुराचे पाणी कुठवर आले होते ते बोटाने दाखवू लागला. गाळाचा डाग अजून होता. कोणीतरी तेलरंगाचा डबा आणला. त्याने डागावर आडवी रेघ ओढली, खाली तारीख लिहिली.

"टाइम बी लिही," माय म्हणाली. "आलं कवा अन् गेलं कवा. दोनी लिही."