तीन हजार शब्दांचा गठ्ठा

परवा पुतणी घरी आली. बारावी कॉमर्स, शिक्षण सगळं मराठी माध्यमात, दहावीपर्यंत गावातच. हातात स्पायरल मारलेला झेरॉक्सचा जाडजूड गठ्ठा. तीन हजार इंग्रजी शब्द आणि समोर एकेका शब्दात मराठी अर्थ. बीबीएच्या सीईटीसाठी क्लासवाल्यांनी दिलाय. रोज पन्नास शब्द पाठ करायचे, शनिवारी टेस्ट. मला म्हणाली, "काका, हे शब्द कुणी खरंच बोलतं का ओ?"

मी बावीस वर्षं एका सहकारी संस्थेत इंग्रजी पत्रव्यवहार बघतोय. गठ्ठा चाळला. त्यातल्या निम्म्या शब्दांशी माझी आजवर कामापुरतीही गाठ पडलेली नाही. काही मात्र ओळखीचे निघाले. कॉलेजात असताना एक मित्र अमेरिकेला जायच्या नादात जीआरईच्या यादीतून हेच घोकत बसायचा.

एक शब्द दिसला, टॅसिटर्न. समोर अर्थ लिहिलाय 'मितभाषी'. आता मितभाषी म्हटलं की आपण माणसाचं कौतुक करतो. टॅसिटर्नमध्ये कौतुक नसतं. चार वेळा विचारलं तरी धड बोलणार नाही, असा माणूस. मी म्हटलं, "अगं, घुमा!" ती फिस्सकन हसली, "म्हणजे आपले मोठे मामा!" हा शब्द आता ती जन्मात विसरणार नाही. उरलेले दोन हजार नऊशे नव्व्याण्णव मात्र परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी डोक्यातून जाणार.

दुसरी गंमत ऐका. एका ओळीत समानार्थी म्हणून फेमस, रिनाउन्ड, नोटोरिअस असे तिन्ही शब्द ठोकून दिलेत. पोरीनं क्लासच्या वहीत लिहिलं की माझे आजोबा गावात नोटोरिअस आहेत. आजोबा म्हणजे माझे वडील. माळकरी माणूस, आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही, आणि नातीनं त्यांना कुप्रसिद्ध करून ठेवलं. तपासणाऱ्यानं त्याच्यावर बरोबरची खूण केलीय, हे त्याहून भारी.

आता मुद्द्यावर येतो. बीबीए, बीसीए, बीएमएसला आपल्याकडे वर्षानुवर्षं बहुतेक ठिकाणी बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळायचा. हे कोर्स एआयसीटीईच्या कक्षेत गेले आणि 2024 पासून राज्यानं सीईटी आणली. 90 मिनिटांत 100 प्रश्न, त्यातले 40 इंग्रजीचे. म्हणजे एकट्या इंग्रजीला सगळ्यात मोठा वाटा. पहिल्याच वर्षी जागा जास्त आणि पोरं कमी अशी गत झाली, जादा सीईटी घ्यावी लागली. काही कॉलेजांनी कोर्सचं नाव बदलून सीईटीलाच बगल दिली. जागा रिकाम्या राहतात तिथे एवढी कडक चाळणी नक्की कुणाला अडवायला लावलीय? आमच्या ओळखीतल्या दोन पोरींनी हा गठ्ठा बघून फॉर्मच भरला नाही, गपचूप बीकॉमला गेल्या. हिशेबात दोघी हुशार आहेत. त्यांची नोंद कुठल्या आकडेवारीत होत नाही.

ज्या अमेरिकेतून हे याद्या घोकायचं वेड आलं, तिथं काय झालं तेही बघा. कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न 1994 ला काढले. 2005 ला शब्दांच्या जोड्यांचे प्रश्न गेले. त्यातला एक प्रश्न तर फार गाजला होता. धावपटूचं मॅरेथॉनशी जे नातं, तसं नातं कुणाचं कशाशी? उत्तर होतं वल्हेकरी आणि रेगाटा. रेगाटा म्हणजे होड्यांची शर्यत. ज्याच्या घरची माणसं बोट क्लबात जातात त्याला तो शब्द खेळता खेळता कळतो, गरिबाच्या पोरानं तो कुठं ऐकावा? यावर तिकडे बरीच वर्षं टीका झाली. उद्या आपण वारकरी आणि रिंगण अशी जोडी विचारली तर दक्षिण मुंबईतली किती पोरं उत्तर देतील, सांगा बरं! 2016 ला सॅटनं अवघड शब्दांचे सुटे प्रश्नही बंद केले. आता उतारा देतात आणि त्या वाक्यात तो शब्द कोणत्या अर्थानं आलाय ते विचारतात. आपल्याकडेही क्लॅट 2020 पासून उताऱ्यांवर आली. आणि आम्ही सीईटीच्या अभ्यासक्रमात समानार्थी-विरुद्धार्थी घालून बसलोय.

आता कुणीतरी खाली लिहिणारच, की इंग्रजी म्हणजे वाघिणीचं दूध, तुम्हाला पोरं मागं ठेवायचीत का? नाही हो. इंग्रजी आलंच पाहिजे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. बारा वर्षं शिकून पोराला बँकेचा साधा फॉर्म इंग्रजीत वाचता येत नाही, आणि तेराव्या वर्षी त्याला टॅसिटर्न पाठ करायला लावताय. याला दूध म्हणत नाहीत, ही रिकामी पिशवी चाटायला दिलीय.

बरं, शब्द शिकवायचेच तर रीत आहे की. सुगंध, दुर्गंध, सुकाळ, दुष्काळ हे उपसर्ग पोरं मराठीच्या व्याकरणात शिकलेली असतात. तसाच इंग्रजीत 'मॅल' म्हणजे वाईट. कुपोषणाला मॅलन्यूट्रिशन म्हणतात. मलेरिया हा शब्द मूळ इटालियन, अर्थ खराब हवा, कारण डासांचा शोध लागण्याआधी लोकांना तसंच वाटायचं. पाच मिनिटांत चार शब्द कळतात, ते पण गोष्टीसकट. पण यासाठी शिकवणारा लागतो. गठ्ठ्याला झेरॉक्सवाला पुरतो.

सीईटी कक्षाला माझं साधं मागणं आहे. शब्द जरूर विचारा, पण उताऱ्यात विचारा. वाक्य नसलेला सुटा शब्द एकही नको. मी तसं लेखी पाठवतोय, ज्यांना सही करायची त्यांनी मेसेज करा. ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवणारे या यादीत बरेच आहेत, त्यांनी तरी गप्प बसू नये.

आणि हो, दर रविवारी सकाळी नऊला वाचनालयात बारावीची पोरं जमवून इंग्रजी पेपर वाचायला सुरुवात करतोय. एक बातमी, सगळे मिळून. फी नाही. घरी जुने इंग्रजी पेपर, मासिकं पडली असतील तर रद्दीत घालू नका, आणून द्या. पुतणी पहिल्या बाकावर असणार आहे. आजोबांची माफी मागून झालीय तिची.