स्पायडरमॅन २ : एक दोरी आणि बाकीचं सगळं

सुपरहिरोंच्या गेम्सचा विषय निघाला की हल्ली सगळे २०२३ च्या 'मार्व्हल्स स्पायडरमॅन २' बद्दल बोलतात. बोलावं, गेम चांगलाच आहे. पण मंडळी, मला ह्या वीकांताला त्याच्याच नावाच्या थोरल्या भावाबद्दल लिहायचंय. २००४ चा 'स्पायडरमॅन २'. सॅम रायमीच्या सिनेमाबरोबर जूनमध्ये आलेला, ट्रेआर्कने बनवलेला आणि अ‍ॅक्टिव्हिजनने विकलेला.

सिनेमाबरोबर येणारे गेम्स म्हणजे साधारण टीशर्ट, कंपासपेटी आणि पाण्याची बाटली ह्यांच्याच रांगेतला माल. सिनेमाची तारीख ठरलेली, म्हणून गेमची तारीख ठरलेली. मग जे तयार असेल ते डिस्कवर चढवायचं. (आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. रिलीज डेट आधी, रिक्वायरमेंट नंतर.) असं असताना हा एक गेम वीस वर्षांनंतरही लोक आठवणीने काढतात, आणि तोही एकाच गोष्टीसाठी. दोरीसाठी. जाळं म्हणा, धागा म्हणा, मी आपला दोरी म्हणतो.

२००२ च्या पहिल्या भागात ही दोरी चक्क आकाशाला चिकटायची. वर इमारत असो नसो, बटण दाबलं की दोरी वर कुठेतरी ढगात जाऊन अडकणार आणि साहेब पुढे सरकणार. खाली रस्त्याच्या दिशेने फार उतरलात तर थेट खेळ खलास. दिसायला झोका, पण प्रत्यक्षात ते उडणंच होतं. लोकांनी तोही गेम उचलून धरला होता. म्हणजे "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" हा युक्तिवाद दुसऱ्या भागाच्या वेळी आयता तयार होता.

तरी हात लावला गेला. जेमी फ्रिस्ट्रम नावाचा डिझायनर-प्रोग्रॅमर ह्यामागचा मुख्य माणूस. कल्पना अगदी साधी: दोरी खऱ्या इमारतीलाच चिकटली पाहिजे, आणि एकदा चिकटली की पुढचं सगळं लंबकाने ठरवायचं. बारावीचं फिजिक्स हो! उंचावरून पडताना वेग मिळतो, दोरी त्या वेगाला वळण देते, झोक्याच्या तळाशी वेग सगळ्यात जास्त. तळाच्या जरा पुढे सोडलंत तर सपाट, लांब फेक. उशिरा सोडलंत तर उंची मिळते पण पुढे जाणं कमी. गेम फक्त आजूबाजूच्या भिंतींवर दोरीसाठी जागा शोधून देतो. कधी सोडायची, हे तुमचं काम.

ह्याचा परिणाम काय होतो, ते बघण्यासारखं आहे. पहिला अर्धा तास तुम्ही भिंतींवर आपटता. कोपऱ्यावर वळायला जाता आणि समोरच्या बिल्डिंगला पालीसारखे चिकटून बसता. मग हळूहळू हाताला कळायला लागतं. गच्चीवरून स्वतःला सोडून द्यायचं, रस्ता अगदी जवळ येईपर्यंत थांबायचं आणि शेवटच्या क्षणी दोरी टाकायची. टॅक्सीच्या टपावरून सुईंकन जायचं ते दोन चौक ओलांडूनच थांबायचं. इमारती उंच असतील तर झोका लांब, बुटक्या असतील तर आखूड, आणि सेंट्रल पार्काशी आलात की इमारतींबरोबर तुमचा तोराही संपतो. शहर म्हणजे मागचा पडदा न राहता खेळण्याचं साहित्य होतं. मुंबईत लोकलला लटकणाऱ्याला जसं कुठला खांब कधी येतो हे अंगाला माहीत असतं, तसं मॅनहॅटन अंगाला माहीत व्हायला लागतं. आणि हे सगळं प्लेस्टेशन २ वर, ज्याची मुख्य मेमरी फक्त ३२ एमबी होती! व्हॉट्सअ‍ॅपवर मावशी पाठवते तो शुभेच्छांचा व्हिडिओसुद्धा कधी कधी त्याहून जड असतो.

आता दुसरी बाजू. दोरी सोडून जमिनीवर उतरलात की गेम एकदम गरीब होतो.

रस्त्यावर लोक तुम्हाला मदतीला बोलावतात. कुणी कठड्याला लटकलेला, कुणाची बोट बुडतेय, कुठे दरोडा पडलाय. पहिल्या पाच वेळा मजा येते. विसाव्यांदा तोच माणूस त्याच पद्धतीने लटकलेला दिसला की वाटतं, बाबा रे, तू आता पडच. फुगा हरवलेल्या पोराचं रडणं तर ज्यांनी खेळलंय त्यांच्या कानात अजून असेल. पिझ्झा पोचवण्याची कामं आहेत, त्यामागे ते इटालियन टिंगटाँग संगीत. ती मात्र मला आवडतात, कारण ती मुळात दोरीचीच परीक्षा आहे. बाकी सगळी भरती. आणि ही भरती ऐच्छिकही नाही. पुढच्या प्रकरणात जायचं तर अमुक इतके हिरो पॉइंट्स जमवा, मग जा. गोष्ट रंगात येते आणि गेम सांगतो, आधी चार चोर पकडून या. टाइमशीट भरल्याशिवाय पगार नाही, त्यातला प्रकार.

मारामारीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बटणं बडवायची, इशारा आला की चुकवायचं, परत बडवायची. बंद खोलीत लढाई असली की कॅमेरा हमखास गोंधळतो. पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. ज्या गेमची सगळी ताकद उघड्या आकाशात आहे, त्याने महत्त्वाच्या मारामाऱ्या छताखाली का ठेवाव्यात? सचिनला संघात घ्यायचं आणि दहाव्या नंबरला पाठवायचं! ब्लॅक कॅटच्या मागे गच्च्यांवरून धावायचे भाग आहेत, तेवढ्यांना हे बरोबर कळलंय. तिथे पाठलाग हीच लढाई आहे.

एक गोष्ट मात्र प्रेमाने सांगायलाच हवी. मिस्टेरिओ एका दुकानात समोर येतो, त्याची शक्ती दाखवणारी पट्टी भरते, परत भरते, परत भरते. तुम्ही घाबरून एक ठोसा मारता आणि गडी आडवा. सुपरहिरो गेम्समधला हा माझा सगळ्यात आवडता विनोद. ब्रूस कॅम्पबेलचं तिरकस निवेदनही झकास. त्यामानाने टोबी मॅग्वायरने आपले संवाद झोपेतून उठवल्यासारखे म्हटलेत.

आता आपल्याकडच्या वाचकांसाठी खास मुद्दा. २००४ मध्ये आपल्या घरांत कन्सोल विरळाच. गेम म्हणजे पीसी, नाहीतर कोपऱ्यावरचा सायबर कॅफे. आणि पीसीवरचा 'स्पायडरमॅन २' हा ह्यातला गेमच नव्हता! तो फिझ फॅक्टर नावाच्या दुसऱ्याच कंपनीने, लहान मुलांना झेपेल अशा बेताने केलेला. त्यात दोरी टाकायच्या जागा आधीच ठरलेल्या. तिथे खूण दिसणार, माऊसने टिचकी मारायची, स्पायडरमॅन झोका घेणार. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी गेम नावाजला गेला, नेमकी तीच काढून टाकलेली आणि नाव तेच ठेवलेलं. त्यामुळे माझ्या वयाच्या मंडळींपैकी कुणी "छ्या, तो कसला भिकार गेम" म्हणालं, तर त्यांनी नक्की कुठला खेळला होता ते आधी विचारा.

एक सहकारी ह्यावर नेहमी वाद घालतो. त्याचं म्हणणं, वापरणारा आपटला तर दोष डिझाइनचा. बँकेच्या अ‍ॅपसाठी मी हे शंभर टक्के मान्य करीन. पण गेममध्ये आपटण्याची शक्यता काढून टाकली की सावरण्यातली मजाही जाते. २०१८ पासूनचे इन्सोम्नियाकचे गेम्स बघा. दोरी इमारतींनाच चिकटते, हालचाली तर इतक्या देखण्या की नुसतं बघत बसावं. पण गेम तुम्हाला सारखा हात देत असतो. बटण दाबून ठेवा, तो छान दिसेल अशा बेतानेच तुम्हाला नेणार. पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही जितके रुबाबदार दिसता, तितकेच पंचविसाव्या तासालाही. २००४ मध्ये ह्या दोन टोकांमधलं अंतर तुमच्या स्वतःच्या कमाईचं होतं.

२०२३ च्या भागात त्यांनी एक गंमत केली. सेटिंग्जमध्ये झोक्याची मदत शून्य ते दहा अशी कमीजास्त करता येते, आणि उंचावरून पडल्यावर इजा व्हावी असंही ठरवता येतं. हे उत्तम केलं. ज्याला मदत हवी त्याला मिळावी, त्यात कमीपणा कसला. फक्त त्याच गेममध्ये नकाशावर जागा निवडली की क्षणात तिथे पोचवायचीही सोय आहे. ज्या खेळात प्रवास हाच मुख्य पदार्थ, तिथे प्रवास टाळण्याचं बटण इतक्या अभिमानाने मिरवावं, ह्याचं मला हसू येतं. असो.

२००४ चा गेम आज कुठल्याही डिजिटल दुकानात विकत मिळत नाही. जुनी डिस्क कुणाकडे सापडली तर प्लेस्टेशन २, गेमक्यूब किंवा पहिल्या एक्सबॉक्सची घ्या, पीसीची घेऊ नका. हिरो पॉइंट्स मिळाले की आधी झोक्याचा वेग वाढवून घ्या, मुळातला फार संथ आहे (हाही एक दोषच, वेग विकत घ्यायला लावायचा). मिशन्स कंटाळा येईपर्यंत करा. मग एम्पायर स्टेटच्या टोकावर चढा, खाली टॅक्सी मुंग्यांएवढ्या दिसतील, आणि उडी मारा. दोरी लवकर टाकू नका.