विश्वचषक पाहावा, पण उधारीवर नव्हे

2022 च्या डिसेंबरात मालवणात पर्यटकांची गर्दी होती, लग्नसराई सुरू होती, आणि आमच्या कापड दुकानातील फळ्या मात्र अर्ध्या रिकाम्या होत्या. मुंबईच्या मंगळदास मार्केटातून माल आणण्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम घेऊन माझा भाचा फुटबॉलचा विश्वचषक पाहायला कतारला गेला होता. दुकानात आमची दोघांची भागीदारी आहे. "मामू, एवढ्या जवळ विश्वचषक पुन्हा कधी येणार? आल्यावर पैसे भरतो," एवढेच बोलून तो निघाला.

आज तो राग उरलेला नाही. परंतु 2034 चा विश्वचषक सौदी अरबस्तानला मिळाला आहे आणि आपल्या पोरांत त्याची चर्चा सुरू झाली आहे, म्हणून तो हिशेब सर्वांपुढे मांडतो.

भाच्याचे म्हणणे खोटे नव्हते. अरब देशात विश्वचषक प्रथमच भरला होता, 20 नोव्हेंबर ते 18 डिसेंबर. आठही मैदाने दोहा व आसपास. सर्वांत लांबच्या दोन मैदानांत 75 किलोमीटरच्या आसपास अंतर. परदेशी प्रेक्षकाला 'हय्या' कार्ड सक्तीचे होते, पण त्यावर मेट्रो व बस फुकट होती आणि नातेवाइकाच्या घरी उतरण्याची नोंदही करता येत होती. आखातात माणूस नाही असे घर आपल्या किनाऱ्यावर विरळाच. परदेशी प्रेक्षकाला साखळी सामन्याचे सर्वांत स्वस्त तिकीट 250 रियालला होते, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेपाच हजार रुपयांच्या थोडे वर. कतारमध्ये राहणाऱ्यांना तर 40 रियालचे तिकीटही होते. भाच्याने तीन सामने पाहिले. तिकिटे आणि विमानभाडे धरून, शौक म्हणून हा खर्च फार नव्हता, हे मी कबूल करतो.

मग नुकसान कोठे झाले? ते हंगामात झाले. रिकाम्या हाताने परतलेले गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते आणि पुढच्या खेपेस थेट तेथेच चढते. फळ्या भरण्यासाठी मी घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल उचलला. रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा, हे आपल्याला सांगायला नको. ती उधारी फिटायला 2023 ची रमजान ईद उजाडली. सामन्यांचा खर्च तिकिटावर छापलेला होता. हा दुसरा खर्च कोठेच छापलेला नव्हता.

काही बुजुर्ग म्हणतात, खेळ पाहायला समुद्रापार जाणे ही निव्वळ फिजूलखर्ची आहे. मला हे मान्य नाही. दोह्यात नाना देशांचे प्रेक्षक आपापल्या झेंड्याच्या रंगाचे घुत्रे डोक्याला बांधून फिरत होते. अंतिम सामन्यानंतर अमिरांनी मेस्सीच्या खांद्यावर काळा, जरीकाठी बिश्त चढवला, आणि तेथील बाजारात बिश्तची मागणी वाढली. भाच्याने असा एक रंगीत घुत्रा आणला. साधे छापील पॉलिस्टर, पण कापड कोठे, कोणत्या घडीला आणि का खपते, हे तो तेथे शिकला. दुकानात बसून मी ते त्याला शिकवू शकलो नसतो.

म्हणून जावे, पण पैसे आधी जमवावेत. कोलकात्याच्या खिदिरपूरचे पन्नालाल व चैताली चटर्जी हे वृद्ध जोडपे 1982 च्या स्पेनपासून विश्वचषकांना जात असे. ते श्रीमंत नव्हते. गोदीतल्या नोकरीचे पेन्शन आणि बाईंचा साड्यांचा छोटा धंदा. दर चार वर्षे थोडेथोडे साठवायचे आणि मग निघायचे. साड्या विकून हे जमते, तर आपल्याला का जमू नये?

दरमहा 1000 रुपये वेगळे काढले तर आठ वर्षांत 96,000 होतात, तेही व्याजाच्या हप्त्याशिवाय. दुकानाच्या गल्ल्याला आणि मालाच्या रकमेला हात लावू नये. आपल्यामागे दुकान कोण पाहणार, हे भागीदाराशी आधी ठरवावे. टूर कंपनीचे पॅकेज घेतल्यास ती आयकरापोटी काही रक्कम आगाऊ वसूल करते. ती विवरणपत्रात जमा धरता येते, म्हणून पावती जपावी. आणि प्रत्येक विश्वचषक कतारसारखा आटोपशीर नसतो. 2026 ची स्पर्धा अमेरिका, कॅनडा व मेक्सिको अशी तीन देशांत वाटलेली, शहरे एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब. शिवाय सामन्याचे तिकीट हाती असले म्हणून अमेरिकेचा व्हिसा मिळतोच असे नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण उर्दू शाळेत आम्ही चादरीच्या नावाने शिकलो. अंथरूण म्हणा की चादर, आपण कापडवाले. मोजल्याशिवाय फाडत नाही. भाच्याने 2034 साठी आता वेगळी पेटी ठेवली आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तो त्यात हजार रुपये टाकतो, आणि खरे सांगायचे तर, त्याच पेटीत माझेही हजार पडतात.