नोंद कोणाची?

सांदीपनींच्या आश्रमामुळे उज्जैन हे नगर आपल्या मनात गुरुगृहाशी कायमचे जोडले गेले आहे. त्याच उज्जैनचा दहावी झालेला मुलगा आज शिकवणीसाठी कोटाला जातो आणि प्रवेश मिळाल्यास कदाचित आमच्या फर्मागुडीच्या आय.आय.टी.त दाखल होतो. चार वर्षांच्या आत तीन राज्ये. मध्येच मन खचले तर कोणाकडे जावे, हे त्याला यांपैकी कोठेच ठाऊक नसते. विद्यार्थी समुपदेशनाची राष्ट्रीय माहितीपेढी असावी या मागणीचे मूळ येथे आहे आणि ती मागणी रास्त आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदविल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील व १,३४० मध्य प्रदेशातील होत्या. मृत्यूंची मोजदाद आपण जिल्हावार करतो; मदतीची करीत नाही. केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये ‘मनोदर्पण’ उपक्रम सुरू केला, तेव्हा शाळा-विद्यापीठांतील समुपदेशकांच्या राष्ट्रीय सूचीचा त्यात अंतर्भाव होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली-मानस’ आले आणि १४४१६ हा क्रमांक देशभर खुला झाला. पुढे २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक नेमण्याचा आदेश दिला. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संधान ठेवावे, असेही सांगितले. आता महिदपूरच्या एखाद्या लहान शाळेने हे तज्ज्ञ शोधावेत कोठे? सूची हाताशी नसेल तर चित्रकलेच्या नाहीतर व्यायामाच्या शिक्षकाच्या गळ्यात हे काम पडणार आणि आदेशाचे पालन झाल्याचा अहवाल वर जाणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

मात्र माहितीपेढी म्हटली की सरकारी उत्साहाला ऊत येतो आणि समुपदेशकांबरोबर मुलांचीही नोंद करण्याची कल्पना निघते. विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींसाठी ‘अपार’ क्रमांक आहेच. समुपदेशनाचा कागदही त्यालाच जोडावा असे उद्या कोणास सुचल्यास नवल नाही. तसे झाले तर तो कागद प्रवेशाच्या, नोकरीच्या आणि आपल्या समाजात लग्नाच्या बैठकीपर्यंतही पोहोचेल. दप्तरात नाव चढण्याचे भय काय असते, हे पोर्तुगीज पोलिसांची राजवट पाहिलेल्या गोमंतकास समजावून सांगावयास नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाची माहिती साठविण्यास सर्वसाधारणपणे पालकांची संमती लागते. घरच्या अपेक्षांनीच जेरीस आलेल्या मुलाने घरच्यांचीच सही आणून मन मोकळे करावे, असा हा विलक्षण पेच होईल.

तेव्हा राष्ट्रीय नोंद व्हावी ती समुपदेशकांची: पात्रता, भाषा, वेळ, शुल्क आणि रिक्त पदे. विद्यार्थ्यांविषयी जिल्ह्यातून वर जावा तो निनावी आकडा, किती आले आणि किती जण पुढे पाठविले गेले एवढाच. मुलाने सांगितलेले ऐकणाऱ्यापाशीच राहावे. सूचीत भाषेचा रकाना मात्र कोणी वगळू नये. कोटाच्या खोलीत रात्री अकरा वाजता बसलेली पेडण्याची मुलगी आधी तोच पाहील.