धीर कोणीं धरावा?

अमेरिकेंतील विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मयाच्या डॉक्टरेटसाठीं अर्ज करणाऱ्या तरुणांना दरवर्षीं एकच उपदेश मिळतो, व तो म्हणजे 'धीर धरा' हा होय. अर्ज डिसेंबरांत अगर जानेवारीच्या आरंभीं जातात. उत्तरें फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, ज्या त्या विभागाच्या सोयीप्रमाणें येतात. या मधल्या काळांत मन कोठें तरी गुंतवावें, फिरावयास जावें, ई-मेल घटकेघटकेस उघडून पाहूं नये, असें गुरुजन सांगतात, मित्र सांगतात, आणि जे या वाटेनें पूर्वीं गेले ते तर मोठ्या अधिकारानें सांगतात. उपदेश हितबुद्धीचा आहे, यांत शंका नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तो भलत्याच पक्षास केला जात आहे. ही प्रतीक्षा म्हणजे अवर्षणासारखें दैवी संकट नव्हे. ती माणसांनीं घडविलेली आहे, आणि ज्यांनीं घडविली त्यांना ती बऱ्याच अंशीं कमी करतां येण्यासारखी आहे.

प्रथम अर्ज म्हणजे काय, हें पाहूं. संशोधनाचा हेतु सांगणारें निवेदन, पंधरा-वीस पृष्ठांचा एक टीकालेख, बहुधा तीन प्राध्यापकांचीं शिफारसपत्रें, पूर्वींच्या परीक्षांचे गुण, आणि शुल्क. इंग्रजी वाङ्मयाची जी स्वतंत्र जी.आर.ई. परीक्षा असे, ती २०२१ सालीं बंद झाली, सर्वसाधारण जी.आर.ई.चीही अट पुष्कळ विभागांनीं काढून टाकिली. त्यामुळें सारा भार त्या टीकालेखावर व निवेदनावर आला, आणि तीं लिहिण्यांत, खोडण्यांत व पुन्हां लिहिण्यांत उमेदवाराचे कित्येक महिने जातात. शुल्क दर विद्यापीठास साधारणतः ७५ पासून १२५ डॉलरपर्यंत पडतें. दहा ठिकाणीं अर्ज केल्यास हजार डॉलरच्या आसपास रक्कम होते. शुल्कमाफीची सवलत कित्येक ठिकाणीं अमेरिकन नागरिकांपुरतीच असते. पुण्या-मुंबईच्या मध्यम स्थितींतील कुटुंबास हा खर्च दहादां विचार करूनच करावा लागतो.

उलट पक्षीं जागा किती? नामांकित विभागांकडे शेंकडों अर्ज येतात व प्रवेश मात्र दहा-बारा जणांना, कधीं त्याहूनही थोड्यांना मिळतो. कारण उघड आहे. अशा ठिकाणीं निवडलेल्या विद्यार्थ्याची फी माफ होते, त्यास पांच-सहा वर्षें विद्यावेतन मिळतें, व त्याबद्दल तो खालच्या वर्गांना शिकवितो; म्हणजे प्रत्येक जागेमागें विद्यापीठाचा मोठा पैसा गुंततो. शिवाय समिति केवळ बुद्धिच पाहते असें नाहीं. शेक्सपिअरचे अभ्यासक गेल्या वर्षींच घेतले आहेत, अमक्या विषयाचे प्राध्यापक निवृत्त व्हावयाचे आहेत, तमक्या विषयास मार्गदर्शकच नाहीं, असले विचारही निर्णय फिरवितात. उमेदवारास यांतील अक्षरही कळत नाहीं. त्याच्या हातीं दोन ओळींचा नकार पडतो, आणि त्या दोन ओळींत तो आपल्या बुद्धीचें मोजमाप वाचीत बसतो.

नकार दिला म्हणून आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती नकाराच्या वेळेविषयीं. ज्यांना घ्यावयाचें, त्यांना विभाग बहुधा फेब्रुवारी-मार्चांत मोठ्या आनंदानें कळवितात. ज्यांना घ्यावयाचें नाहीं, त्यांतील पुष्कळांना त्यानंतर आठवडेच्या आठवडे चकार शब्दही कळत नाहीं. तेथील पदव्युत्तर विद्यालयांच्या परिषदेचा एक प्रसिद्ध ठराव आहे: आर्थिक साहाय्यासह आलेलें आमंत्रण स्वीकारावें कीं नाहीं, हें १५ एप्रिलपूर्वीं सांगण्याची सक्ती विद्यार्थ्यावर करूं नये. ठराव न्याय्य आहे. परंतु तो रक्षण कोणाचें करतो? ज्याच्या हातीं आमंत्रण आहे त्याचें. ज्याच्या हातीं कांहींच नाहीं, त्यास अमुक तारखेच्या आंत उत्तर मिळालेंच पाहिजे, अशी तरतूद त्या ठरावांत नाहीं. भरल्या ताटावर बसलेल्याची सोय पाहिली गेली. दारांत उभा असलेला तसाच राहिला.

यावर विद्यापीठांचे कैवारी तीन उत्तरें देतात. पहिलें असें कीं, अर्ज इतके असतात कीं प्रत्येकास सकारण उत्तर देणें अशक्य. कारणें कोणीं मागितलीं? मागणें 'नाहीं' या एका शब्दाचें आहे. आणि शुल्क घेतांना ज्या यंत्रानें एका क्षणांत पावती पाठविली, तेंच यंत्र तो शब्द पाठविण्यास पुरेसें आहे. दुसरें उत्तर असें कीं, निवडलेल्यांपैकीं कांहीं जण दुसरीकडे जातात, म्हणून प्रतीक्षायादी राखावी लागते. हें मान्य. पण त्या यादींत नांवें मोजकींच असतात. ज्यांचीं नांवें तींतही नाहींत, त्यांचा निकाल यादी झाली त्याच दिवशीं लागला. त्यांना एप्रिलपर्यंत अंधारांत ठेवण्याचें प्रयोजन काय? आणि जे यादींत आहेत, त्यांना तसें स्पष्ट सांगावें.

तिसरें उत्तर मोठें चमत्कारिक आहे. म्हणे धीर हा संशोधकाचा पहिला गुण. दोन महिन्यांत जो कासावीस होतो, तो सहा वर्षें ग्रंथालयांत काय बसणार? जुन्या पोथीपुढें बसलेला संशोधक वाट पाहत नसतो, तो काम करीत असतो. उत्तराची वाट पाहणाऱ्या उमेदवारास मात्र हातची नोकरी सोडवत नाहीं व नवी धरवत नाहीं. दुसऱ्या अभ्यासक्रमाची मुदत डोळ्यांदेखत टळून जाते. घरांतील लग्नकार्याची बोलणीही 'उत्तर आल्यावर पाहूं' म्हणून पुढें ढकललीं जातात. यानें कोणता विद्वद्गुण वाढीस लागतो, तें कैवाऱ्यांनींच सांगावें.

बरें, प्रवेश मिळाला म्हणजे तरी प्रतीक्षा संपते काय? मॉडर्न लॅंग्वेज असोसिएशनच्या यादींत इंग्रजीच्या १,८०० हून अधिक जागा २००७–०८ सालीं जाहीर झाल्या होत्या. २०१६–१७ सालीं तो आंकडा सुमारें ८५० वर आला. बोस्टन विद्यापीठानें २०२४ च्या नोव्हेंबरांत इंग्रजीसह सुमारें बारा विषयांत पुढील वर्षीं डॉक्टरेटचे नवे विद्यार्थी न घेण्याचें ठरविलें; २०२५ च्या ऑगस्टांत शिकागो विद्यापीठानेंही इंग्रजीसह अनेक मानव्यविद्यांत तसेंच केलें. दार बंद झाल्याचें दुःख आम्हांसही आहे. तथापि अर्जांच्या मुदतीपूर्वीं कित्येक महिने 'येऊं नका' असें सांगणारा विभाग, शुल्क घेऊन मौन धरणाऱ्या विभागापेक्षां उमेदवाराशीं अधिक सरळ वागला, हें कबूल केलें पाहिजे.

आतां दोन शब्द आपल्या घरांविषयीं. 'उत्तर आलें का?' हा प्रश्न काका, मावशी, शेजारी सारेच विचारतात, आणि प्रत्येक वेळीं मुलाचा अगर मुलीचा चेहरा थोडा अधिक उतरतो. पदवी हीच विद्वत्ता, ही समजूत याच्या मुळाशीं आहे. हार्वर्डचे तत्त्ववेत्ते विल्यम जेम्स यांनीं १९०३ सालीं डॉक्टरेटच्या वेडावर एक तिखट निबंध लिहिला. त्यांत एका बुद्धिमान तरुणाची हकीकत आहे. त्यास एका महाविद्यालयानें इंग्रजी वाङ्मय शिकविण्यास नेमिलें, आणि मागाहून त्याच्या नांवापुढें पीएच्.डी. नाहीं हें ध्यानांत येतांच चालकांची त्रेधा उडाली. आपल्याकडेही विद्यापीठांतील सहाय्यक प्राध्यापकास ही पदवी सक्तीची करण्याचें घाटत होतें. अखेर २०२३ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें नेट, सेट यांसारखी परीक्षा हीच किमान अट ठरवून पीएच्.डी. ऐच्छिक केली. म्हणजे वाङ्मय शिकविण्याची वाट त्या एकाच दारांतून जात नाहीं. घरानें हें आधींच बोलून ठेवावें, दुसरी योजना नकार येण्यापूर्वीं आंखावी, आणि प्रश्न विचारावयाचाच तर 'सध्यां काय वाचतोस?' हा विचारावा. अर्जासाठीं लिहिलेला टीकालेख नकारानें वाईट ठरत नाहीं. तो सुधारून एखाद्या नियतकालिकाकडे पाठवितां येतो.

विद्यापीठांकडे आमचीं मागणीं तीनच. किती जागा आहेत व गेल्या वर्षीं किती अर्ज आले, हें शुल्क घेण्यापूर्वीं प्रसिद्ध करावें. डॉक्टर झालेल्यांपैकीं कितीजणांस स्थायी जागा मिळाल्या, हें त्याच पानावर छापावें. आणि ज्याचा निकाल लागला, त्यास तो लागल्यापासून आठ दिवसांत कळवावा. इतकें केल्यावर जी प्रतीक्षा उरेल ती तरुणांनीं अवश्य सोसावी, व तेव्हां धीराचा उपदेश आम्हीही करूं. तोंवर तो करणारांनीं आपलें तोंड विद्यापीठांच्या कचेऱ्यांकडे वळवावें.