कल्पनेची वाट पाहू नका

पटकथा लिहायला बसलेला नवा लेखक बहुधा पहिल्याच पानावर अडतो, कारण आजवर कुणालाही सुचली नाही अशी कल्पना हवी, असं त्याने मनाशी धरलेलं असतं. आपले चांगले चित्रपट मात्र वेगळंच सांगतात. २००४ सालच्या ‘श्वास’मध्ये कोकणातले आजोबा नातवाला डोळे दाखवायला शहरात आणतात. निदान कर्करोगाचं, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. एवढंच. पण शस्त्रक्रियेआधी आजोबा पोराला रुग्णालयाबाहेर नेतात, जग दाखवतात आणि गोष्ट उभी राहते. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त डुकरं पकडणाऱ्या दलित कुटुंबाच्या हाताशी डुक्कर येतं न येतं तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, डुक्कर निसटतं. जातीवर एक शब्दही न बोलता तो प्रसंग सगळं सांगतो.

निर्माता आधी एका ओळीत गोष्ट विचारतो, हे खरं आहे. पण ती ओळ अनेकदा लिहिता लिहिताच हाती लागते. आराखड्याशिवाय लिहिणं म्हणजे वेळ वाया घालवणं, असंही म्हटलं जातं. आराखडा हवाच, पण माणसं कशी वागतात हे कळल्याशिवाय तो करणार कशाचा? शिवाय कागदावर फसलेला प्रसंग फुकटात खोडता येतो. चित्रीकरणात तोच फार महागात पडतो. म्हणजे वाईट लिहायची हक्काची जागा पहिला खर्डा हीच. तेव्हा एक माणूस निवडा, त्याला काय हवंय आणि आड कोण येतंय ते ठरवा आणि तेवढा एक प्रसंग आज शेवटपर्यंत लिहून काढा.